जुन्या जॅझ रेकॉर्डी खरंच 'एका टेकमध्ये' झाल्या का? आणि मागच्या साथीदारांचं काय?

रेवदंडेकर

जॅझच्या बाबतीत मी अजून उंबरठ्यावरच आहे, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

एक गोष्ट सारखी वाचनात येते. १९५०-६० च्या सुमारास ही मंडळी स्टुडिओत जमायची, तालीमबिलीम काही नाही, लाल दिवा लागला की वाजवायचं आणि पहिल्या झटक्यात जे होईल तीच रेकॉर्ड. मला हे फार आवडतं. त्या रेकॉर्डी आजही ताज्या वाटतात त्या यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. हल्ली ड्रमर सोमवारी येऊन वाजवून जातो, सॅक्सोफोनवाला गुरुवारी, दोघांची गाठही पडत नाही.

तर हे 'एक टेक' प्रकरण कितपत खरं? आणि दुसरं म्हणजे, रेकॉर्ड कुणाचीही असू दे, डबल बासवर पॉल चेंबर्स. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसकडे तो, सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनकडे तो, हँक मोब्ली, सॉनी क्लार्क, सगळीकडे तोच. कव्हरवर फोटो मात्र दुसऱ्याचा. या साथीदारांना बोलवायचं कोण आणि त्यांच्या हातात पडायचं काय?

झब्बू

लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत एक काका असतात. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे. ते हे पॉल चेंबर्स.

बाकी, सॉनी क्लार्कच्या 'कूल स्ट्रटिन'च्या कव्हरवर सॉनी क्लार्कही नाही हो. नुसते एका बाईचे पाय आहेत.

कोमल_निषाद

ही दंतकथा बहुतेक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डपासून पसरली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ती दोन बैठकांत झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. माइल्सने लिहून आणलेलं फार थोडं होतं. कुठला स्वरसमूह, त्यानंतर कुठला, एवढा आराखडा. पियानोवादक बिल इव्हान्सने कव्हरमागच्या मजकुरात तसं सांगितलंय आणि प्रत्येक रचना पहिल्यांदा पूर्ण वाजली तोच टेक घेतला असंही लिहिलंय. यातला 'पूर्ण' हा शब्द लोक गाळतात. स्टुडिओच्या टेपांवर अर्धवट सुटलेले टेक भरपूर आहेत. कुणीतरी चुकतं, सगळे थांबतात, पुन्हा सुरुवात. शेवटपर्यंत वाजवलेला जादा टेक मात्र एकाच रचनेचा आहे, 'फ्लेमेंको स्केचेस'चा. तेव्हा रेवदंडेकर, तुम्हाला निम्मे गुण.

साथीदारांबद्दल म्हणाल तर या रेकॉर्डवर दोन पियानोवादक आहेत. इव्हान्स तोवर बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी विंटन केली रुजू झालेला. केली त्या दिवशी स्टुडिओत पोचतो तो पियानोवर इव्हान्स बसलेला. त्याच्या वाट्याला एकच रचना आली, 'फ्रेडी फ्रीलोडर'. पण काय वाजवलंय! ती रचना मुळात ब्लूज, आणि ब्लूजला केलीच हवा हे माइल्सला कळत होतं. माणसं निवडायची म्हणजे काय ते इथे दिसतं.

आणि ड्रमर जिमी कॉब. 'सो व्हॉट'मध्ये माइल्सचा सोलो सुरू होतो त्या क्षणी झांजेचा जो जोरदार ठोका पडतो ना, तो आपल्या हातून जरा जास्तच जोरात पडला असं कॉबला तेव्हा वाटलं होतं. आज लोक त्या ठोक्यासाठी रेकॉर्ड लावतात.

मागच्या_खोलीतला

ध्वनिमुद्रण हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे थोडं यंत्रांबद्दल.

ती रेकॉर्ड कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत झाली. न्यूयॉर्कमधलं एक जुनं चर्च. छत एवढं उंच की आवाजाला फिरायला भरपूर जागा. तळघरात काँक्रीटची एक रिकामी खोली होती. वर वाजलेलं त्या खोलीतल्या स्पीकरवर सोडायचं, तिथला घुमारा माइकने उचलून परत मिसळायचा. आज आपण हे बटण दाबून करतो. टेपवर ट्रॅक फक्त तीन. एका वेळी वाजवणारे सहापर्यंत, ट्रॅक तीन, म्हणजे नंतर 'बास जरा वर घ्या' म्हणायची फारशी सोयच नाही. माइक कुठे ठेवला आणि माणूस त्याच्यापासून किती लांब उभा राहिला यावरच सगळं.

आता गंमत. २ मार्चला दोन टेपयंत्रं चालू होती, एक मुख्य, एक राखीव. मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप बरोबर वेगाच्या यंत्रावर वाजवली की स्वर चढतात. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीसेक वर्षं जगभर चढ्या सुरात विकल्या गेल्या. १९९२ च्या आवृत्तीत राखीव टेप वापरून ते सरळ केलं.

पेटीवाले_नाना

मागच्या_खोलीतला, आज माझा जुना गुंता सुटला! माझ्या एलपीबरोबर पेटीवर 'सो व्हॉट' धरायला जायचो तर कधी जमायचं नाही. पांढरी दोन लावली तर खाली, काळी दोन लावली तर वर. घरचे म्हणायचे पेटी उतरली आहे. दोनदा सूर लावून घेतले की हो त्या पेटीचे.

झब्बू

नाना, दुरुस्तीचं बिल कोलंबियाला पाठवा.

उलटतपासणी

इथे सगळे 'काइंड ऑफ ब्लू'लाच हार घालत बसणार असं दिसतंय, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

पियानोवादक थेलोनियस मंक, 'ब्रिलियंट कॉर्नर्स', १९५६. ज्या रचनेवरून रेकॉर्डला नाव दिलं ती इतकी वेडीवाकडी की पंचवीस टेक होऊनही एकदासुद्धा सलग पूर्ण झाली नाही. वाजवणारे कच्चे होते का? सॅक्सोफोनवर सॉनी रोलिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच, बासवर ऑस्कर पेटीफोर्ड! त्यातून पेटीफोर्डचं आणि मंकचं वाजलं. शेवटी निर्माता ऑरिन कीपन्यूजने वेगवेगळ्या टेकचे तुकडे कापून जोडले आणि रचना उभी केली. पुढच्या बैठकीला पेटीफोर्ड नाही. मग बासवर कोण आलं असेल? पॉल चेंबर्स.

तेव्हा कात्रीने रेकॉर्ड निर्जीव होते हे मला मान्य नाही. ती जोडलेली रचना जॅझमधल्या उत्तम रचनांपैकी आहे.

रेवदंडेकर

पंचवीस टेक? मग ती 'लाल दिवा लागला की वाजवलं' ही पद्धत कुणाचीच नव्हती का?

साठीचा_गोंधळ

होती ना. प्रेस्टीज कंपनीची.

माइल्सला कोलंबियाकडे जायचं होतं, पण प्रेस्टीजला देणं असलेल्या रेकॉर्डी बाकी होत्या. १९५६ मध्ये ११ मे आणि २६ ऑक्टोबर अशा दोन दिवसांत त्याने आपलं पंचकडं नेलं आणि क्लबमध्ये रोज वाजवत होते तेच एकामागून एक वाजवून टाकलं. कोल्ट्रेन, रेड गार्लंड, फिली जो जोन्स आणि (अर्थात) पॉल चेंबर्स. त्यातून 'कुकिन', 'रिलॅक्सिन', 'वर्किन', 'स्टीमिन' या चार रेकॉर्डी निघाल्या आणि कंपनीने त्या पुढची काही वर्षं पुरवून पुरवून विकल्या. 'रिलॅक्सिन'वर तर माइल्सचं स्टुडिओतलं बोलणंही तसंच ठेवलंय. गार्लंडने सुरुवात एका पद्धतीने केली, माइल्स शिटी मारून थांबवतो, दुसऱ्या पद्धतीने वाजव म्हणतो, आणि गाडी पुढे जाते.

पण याला 'तालीम नाही' म्हणणं बरोबर नाही. हे लोक रात्र रात्र एकत्र वाजवत होते, तीच त्यांची तालीम. स्टुडिओत फक्त टेप फिरवली.

याच्या उलट ब्लू नोट. आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ, दोघे जर्मनीतून आलेले, वुल्फचे ते काळेपांढरे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ब्लू नोट तालमीचे वेगळे पैसे द्यायची. जॅझवाल्यांत एक बोललं जातं की प्रेस्टीज आणि ब्लू नोटमध्ये फरक काय, तर दोन दिवसांची तालीम. आणि मजा म्हणजे स्टुडिओ दोघांचा एकच, ध्वनिमुद्रकही एकच, रूडी व्हॅन गेल्डर. ऐकून बघा फरक कळतो का. ब्लू नोटवर सुरुवातीच्या बांधलेल्या सुरावटी घट्ट, प्रेस्टीजवर सैल. मला स्वतःला सैल आवडतात.

मी_माधवी

व्हॅन गेल्डर म्हणजे तेच ना, ज्यांनी आईवडिलांच्या हॉलमध्ये स्टुडिओ केला होता? आमच्या घरी हॉलमध्ये तानपुरा लावला तरी शेजारी बेल वाजवतात.

मागच्या_खोलीतला

तेच ते. हॅकेनसॅक, न्यू जर्सी. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचे, उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग. घर बांधतानाच हॉलला लागून नियंत्रणाची खोली काढून घेतली होती, मधे काच. मंकच्या एका रचनेचं नावच 'हॅकेनसॅक' आहे. १९५९ च्या उन्हाळ्यात ते जवळच इंगलवूड क्लिफ्सला स्वतः बांधलेल्या स्टुडिओत गेले, तेव्हा कुठे चष्म्याचा धंदा सोडला. या नव्या जागेचं लाकडी कमानींचं छत ३९ फूट उंच. कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' इथलीच, ९ डिसेंबर १९६४ ची. दुसऱ्या दिवशी आर्ची शेप आणि आर्ट डेव्हिसला जोडीला घेऊन पुन्हा प्रयत्न केला, पण रेकॉर्डवर पहिल्या दिवसाचं चौघांचं वाजवणंच राहिलं.

माणूस कमालीचा गुप्त. हातमोजे घालून यंत्रांना हात लावायचा, कुठला माइक कुठे ठेवला ते कुणाला सांगायचा नाही. मी त्याच्या पियानोच्या आवाजाचा भक्त नाही, डब्यातून आल्यासारखा वाटतो. पितळी वाद्यं मात्र अंगावर येतात.

कोमल_निषाद

पियानोबद्दल असहमत, पण बासवादक चार्ल्स मिंगसचा तुम्हाला पाठिंबा मिळाला असता. हा माणूस वादकांचा आवाजच बदलून टाकतो अशी त्याची जाहीर तक्रार होती.

चौथी_सीट

तालीम नसली की काय होतं त्याचं उदाहरण कुणी दिलंच नाही अजून. 'जायंट स्टेप्स'!

मे १९५९, अटलांटिक कंपनी. कोल्ट्रेनने घरी महिनोन्महिने घोटलेली रचना. कॉर्ड इतक्या भराभर बदलतात की विचार करायला सवड नाही. पियानोवर टॉमी फ्लॅनागन, डेट्रॉइटचा अतिशय सुरेल माणूस. कोल्ट्रेनचा सोलो धबाधबा कोसळतो आणि मग फ्लॅनागनची पाळी येते. चार सूर, थांबला. परत दोन सूर, थांबला. शेवटी नुसत्या कॉर्ड धरतो आणि कोल्ट्रेन पुन्हा ताबा घेतो. आणि ते तसंच छापलं! अख्ख्या जगाने ऐकलं.

त्याआधी सीडर वॉल्टनला घेऊनही हीच रचना करून पाहिली होती, ते टेक तेव्हा वापरले नाहीत. फ्लॅनागनने १९८२ मध्ये त्याच नावाची स्वतःची रेकॉर्ड काढली आणि तीच रचना सहज वाजवली. रेवदंडेकर, तुमच्या पहिल्या झटक्याच्या प्रेमाची किंमत फ्लॅनागनने भरली, असं मी म्हणेन. बाकी बासवर कोण ते विचारू नका.

झब्बू

काका?

चौथी_सीट

काकाच. त्याच रेकॉर्डवर कोल्ट्रेनच्या एका रचनेचं नाव 'मिस्टर पी.सी.' आहे. पी.सी. म्हणजे पॉल चेंबर्स.

रेवदंडेकर

फ्लॅनागनचा तो सोलो आत्ता पुन्हा ऐकला. तुम्ही म्हणता तसा वाईट नाही वाटला मला. कोल्ट्रेनच्या त्या माऱ्यानंतर कुणीतरी श्वास घेतोय असं वाटलं. उत्तम गायनानंतर पेटीवाला एकच सूर धरून राहतो तेव्हा कसं बरं वाटतं.

पेटीवाले_नाना

पेटीवाला एकच सूर धरतो तेव्हा त्याला पुढचं आठवत नसतं. अनुभवाचे बोल.

साष्टीकर

मूळ प्रश्नातला दुसरा भाग, साथीदारांचा, बाजूलाच पडलाय. अवांतर वाटलं तरी लिहितो, कारण हा आमच्या गोव्याचा विषय.

न्यूयॉर्कमध्ये निदान कव्हरच्या मागे नावं तरी छापायचे. मुंबईत हेच काम करणारी आमची माणसं बघा. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवायचे. त्या जोरावर ती मुंबईच्या हॉटेलांच्या बँडमध्ये लागली. हळदोण्याचा चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनिओ झेवियर वाझ, ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचं वाजवायचा. रात्री ताजमध्ये जॅझ आणि दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. अण्णांच्या गाण्यांतला तो स्विंग आला कुठून, तर इथून.

सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. चाल बांधणारा पेटीवर चाल सांगणार, हे ती पन्नास व्हायोलिनांसाठी कागदावर उतरवणार. मजोर्ड्याच्या अँथनीबाबांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात ते नाव आलं तेव्हा देशाला पाठ झालं, पण ते खरोखरच्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं?

हेमांगी_के

साष्टीकर, मनापासून +१. शंकर-जयकिशनच्या चित्रपटांत निदान सहायक म्हणून दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावं पडद्यावर यायची. ढोलकवाल्याचं, बासरीवाल्याचं तेवढंही नाही.

आणि गोव्याकडेच का जा? आपल्या जुन्या तबकड्या काढा. बालगंधर्वांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते. एवढी मोठी माणसं! पण त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचं नाव ठळक आणि साथीदारांचा सहसा उल्लेखच नाही. अमेरिकेवर दात धरायचं कारण नाही.

रिकामटेकडा

जॅझच्या धाग्यात थिरकवाँ. आता पुढच्या प्रतिसादात पु.ल. येणार, त्यापुढे पुणे-मुंबई, मग धाग्याला कुलूप. (बसलोय वाट बघत.)

अटलांटातून

गाडी रुळावर आणतो.

पैशांचं सांगतो. अमेरिकेत वादकांची युनियन होती आणि आहे. साधारण तीन तासांची एक बैठक, तिला ठरलेला दर, नेत्याला त्याच्या दुप्पट. साथीदाराचा हिशेब त्या दिवशी संपला. रेकॉर्ड लाखांनी खपो, नाहीतर दुकानात धूळ खात पडो, त्याला पुढे काही नाही. 'काइंड ऑफ ब्लू'च्या लाखो प्रती खपल्या. जिमी कॉब २०२० मध्ये वारला, त्या बैठकीतला शेवटचा माणूस. त्यात वाजवलंय या ओळखीवर त्याला आयुष्यभर कामं मिळाली, पण विक्रीतला वाटा वेगळा.

खरा पैसा रचनाकाराला. म्हणून रचनेखाली नाव कुणाचं यावरून भांडणं. 'ब्लू इन ग्रीन' त्या रेकॉर्डवर माइल्सच्या नावावर आहे. इव्हान्सचं म्हणणं होतं की ती त्याची. त्याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वतःच्या 'पोर्ट्रेट इन जॅझ'साठी ती वाजवली तिथे दोघांची नावं आहेत. माझं मत विचाराल तर पियानोवरची ती सुरुवात दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला पॉल डेस्मंड. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीतला सॅक्सोफोनवाला. 'टेक फाइव्ह' त्याने रचली, आणि १९७७ मध्ये गेला तेव्हा तिचं उत्पन्न अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून गेला.

कोमल_निषाद

अटलांटातून, 'टेक फाइव्ह' काढलीत ते बरं केलंत. ती 'पहिल्या झटक्यात'वाल्यांविरुद्ध आणखी एक साक्ष. स्टुडिओ तोच, तिसाव्या रस्त्यावरचा. २५ जून १९५९ ला पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, पाच मात्रांचा तो ठेका धरताना कुणी ना कुणी घसरायचं. सोडून दिलं. १ जुलैला जमली. जो मोरेलोचा ड्रम सोलो ऐकताना आता कुणाला शंका तरी येईल का?

ही चौकडी १९५८ मध्ये अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर भारतात आली होती. मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलं, मद्रासला मोरेलो पलनी सुब्रमणिय पिळ्ळै यांच्या मृदंगासमोर बसला. पुढच्याच वर्षी ते विषम मात्रांच्या रचना घेऊन स्टुडिओत गेले. 'ब्लू रोंडो'चा ठेका मात्र इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून घेतलेला, हेही सांगायला हवं, नाहीतर सगळं श्रेय आपण आपल्याकडे ओढू.

तिरकीट

'टेक फाइव्ह'वर झपताल धरून बघा, मजा येते. पण ती तीन-दोन जाते आणि आपला झपताल दोन-तीन, त्यामुळे सम पकडताना तोंडावर आपटायला होतं. मी आपटलोय, कार्यक्रमात.

मी_माधवी

एवढी नावं झाली, त्यात बाई एक नाही. झब्बूने सांगितलेले पाय सोडून.

साठीचा_गोंधळ

माधवीताई, बरोबर बोट ठेवलंत. दोन नावं देतो. मेल्बा लिस्टन, ट्रॉम्बोन वाजवायच्या आणि वाद्यवृंदासाठी लिहायच्या. पियानोवादक रँडी वेस्टनची 'उहुरू आफ्रिका' (१९६०) ही मोठ्या वाद्यवृंदाची रेकॉर्ड, तिची सगळी मांडणी त्यांची. कव्हरवर नाव वेस्टनचं. दुसऱ्या शर्ली स्कॉट, हॅमंड ऑर्गनवर. १९५८ मध्ये एडी 'लॉकजॉ' डेव्हिसबरोबरची 'कुकबुक' ऐका. सॅक्सोफोन दादागिरी करतो आणि ऑर्गन त्याला शांतपणे जागेवर ठेवतो.

मी_माधवी

'शांतपणे जागेवर ठेवतो' वाचून लगेच लावली. धन्यवाद.

उलटतपासणी

कात्रीचा मुद्दा राहिलाय. १९५९ च्या 'मिंगस आह अम'मध्ये कंपनीने सोलो कापून रचना आखूड केल्या, मूळ लांबीच्या पुढे वीस वर्षांनी बाहेर आल्या. ही वाईट कात्री. चांगली कात्री बघायची तर १९६९. माइल्सची 'इन अ सायलेंट वे', १८ फेब्रुवारी. निर्माता टिओ मासेरोने दुसऱ्या बाजूची सुरुवातीची सुरावट जशीच्या तशी उचलून शेवटाला पुन्हा लावली. वाजवली एकदाच, ऐकू येते दोनदा. ऐकणाऱ्याला वाटतं कलाकार फिरून घरी आले!

मग ऑगस्टमध्ये माइल्सचीच 'बिचेस ब्रू'. १८ तारखेला सकाळी वुडस्टॉकच्या रॉक महोत्सवात गिटारवाला हेंड्रिक्स वाजवून उठला आणि १९ ला हे लोक न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसले. दोन-दोन ड्रमर, दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो, टेप चालूच. त्या ढिगातून मासेरोने रेकॉर्ड कापून काढली. 'फेरोज डान्स' या पहिल्याच रचनेत एकोणीस जोड आहेत. आता बोला, ही रेकॉर्ड शिळी वाटते?

रेवदंडेकर

शिळी नाही वाटत, पण मला ती ऐकवतही नाही. सॉरी.

हेमांगी_के

माइल्सच्या नंतरच्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये (१९७२) तबला आहे ना? कोण वाजवतं?

उलटतपासणी

बादल रॉय. पूर्व बंगालचा, शिकायला न्यूयॉर्कला गेलेला, हॉटेलात काम करता करता तबला वाजवायचा. तिथेच गिटारवाल्या जॉन मॅक्लॉफ्लिनशी ओळख झाली आणि ओळखीतून माइल्सकडे पोचला. साथीदार असेही मिळायचे.

साठीचा_गोंधळ

रेवदंडेकर, तुम्हाला हवी ती गोष्ट अस्तित्वात आहे, फक्त तुम्ही ती स्टुडिओत शोधताय. क्लबमध्ये शोधा.

रविवार, २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड. बिल इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. दुपारपासून रात्रीपर्यंत पाच फेऱ्या, सगळ्या टेपवर. मधे एकदा वीज गेली, 'ग्लोरियाज स्टेप'च्या पहिल्या टेकमध्ये तो खड्डा आहे. ग्लास वाजतात, कुणी बोलतंय, कुणी हसतंय, आणि हे तिघे एकमेकांत इतके बुडालेले की साथ कोण करतंय आणि पुढे कोण आहे ते सांगता येत नाही. लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. इव्हान्स त्यानंतर कित्येक महिने जाहीरपणे वाजवायलाच बसला नाही.

'साथीदार' हा शब्द लाफारोला लावायला माझी जीभ रेटत नाही.

अटलांटातून

आणि पॉल चेंबर्स सगळीकडे का, याचं सरळ उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

डेट्रॉइट. तिथे कॅस टेक्निकल नावाची सरकारी शाळा होती, संगीताचं शिक्षण कडक, ऑर्केस्ट्रा, वाचन, गज धरणं, सगळं. चेंबर्स तिथला, रॉन कार्टर तिथला, ट्रम्पेटवाला डोनाल्ड बर्ड तिथला. शहरात शिवाय टॉमी फ्लॅनागन, केनी बरेल, बॅरी हॅरिस, कर्टिस फुलर, शेजारच्या पाँटिअॅकचा एल्विन जोन्स. १९५५-५६ च्या सुमाराला यांतले बरेच न्यूयॉर्कला आले. एक आला की दुसऱ्याचं नाव सुचवायचा.

चेंबर्सला समोर कागद ठेवला तर वाचता यायचं, नाही ठेवला तर कानाने पकडता यायचं, आणि ताल दगडासारखा. तीन तासांच्या बैठकीत बासवाल्याला समजावण्यात वेळ गेला की कंपनीचे पैसे गेले. मग फोन कुणाला करणार? शिवाय माइल्सकडचा माणूस ही पावती. विशीतच त्याने एवढं काम करून ठेवलं. जानेवारी १९६९ मध्ये गेला तेव्हा तेहतिसावं वर्ष चालू होतं, क्षयाने.

त्याच शाळेचा बासवाला रॉन कार्टर मात्र पुढे कितीतरी दशकं वाजवत राहिला. २०१५ मध्ये गिनीज बुकाने त्याच्या नावावर २,२२१ रेकॉर्डिंग्ज मोजली.

चौथी_सीट

एक दुरुस्ती, तेहतिसावं संपलेलं होतं. एप्रिल १९३५ चा जन्म.

झब्बू

२,२२१! काकांचेही काका.

रेवदंडेकर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. व्हॅनगार्डची रेकॉर्ड कालपासून चालू आहे, साठीचा_गोंधळ यांना विशेष धन्यवाद. 'ब्रिलियंट कॉर्नर्स'ही ऐकली, जोड कुठे आहे ते काही सापडलं नाही. पण उलटतपासणी, तुमचं पूर्ण पटलेलं नाही. मंकच्या पंचवीस टेकमध्ये चौघं-पाचजण एकाच खोलीत एकमेकांकडे बघत होते. मुद्दा टेक किती झाले हा नसून सगळे एकाच वेळी वाजवत होते हा आहे.

उलटतपासणी

मग मिंगसची 'ब्लॅक सेंट' ऐका, १९६३. चार्ली मारियानोचा आल्टो सॅक्सोफोन त्यात नंतर, वेगळ्या दिवशी भरलाय. खोलीत बाकी कुणी नव्हतं. ऐकून सांगा कुठे एकटा वाटतो.

रेवदंडेकर

ऐकतो. मोनो घेऊ का स्टिरिओ?

मागच्या_खोलीतला

स्टिरिओ.

कोमल_निषाद

मोनो! काय बोलताय?

रिकामटेकडा

वेगळा धागा काढा, प्लीज.